पंडिता रमाबाई: बाप्तिस्मा १८८३ मध्ये, मग ‘ख्रिस्त भेटला’ आठ वर्षांनी कसा?

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की मंद्रूप येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला काळी जमीन आणि थंडीच्या दिवसांत शाळू ज्वारी. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ज्वारी एका दिवसात कणसावर येत नाही. आधी कोंब, मग पानं, मग पोटरी. पोटरीतून कणीस निसवतं. कणसात दाणा भरतो तोही सुरुवातीला नुसता चीक असतो, दुधासारखा. त्यानंतर हुरडा आणि सगळ्यात शेवटी वाळलेला, टणक दाणा. यातली एकही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथात माणसाच्या आत्मिक वाढीबद्दल नेमकं असंच सांगितलं आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशू देवाच्या राज्याची तुलना शेतातल्या पिकाशी करतो: आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा विद्वान रात्री येशूकडे येतो आणि त्याला नव्या जन्माची गोष्ट ऐकायला मिळते. पौल करिंथच्या लोकांना लिहितो की ते अजून तान्ही बाळं आहेत, त्यांना दूधच पचतं, जड अन्न नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात मंडळीतल्या लोकांना मुलं, तरुण आणि बाप अशा वेगवेगळ्या नावांनी हाक मारली आहे.

थोडक्यात, जन्म, दूध, दात येणं, वयात येणं, आईबाप होणं हे सगळं श्रद्धेच्या बाबतीतही घडतं, असं हा विचार सांगतो. पण खऱ्या माणसाच्या आयुष्यात हे कसं दिसतं? महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो. पण त्यांनी स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांना त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. या दोन गोष्टींमध्ये आठ वर्षं गेली.

ही आठ वर्षं का लागली, आणि त्यानंतर काय झालं, ते समजून घेऊ.

टोपलीतलं बाळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. तरुणपणी त्यांनी आपल्या गुरूंना पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवताना पाहिलं होतं. बाईमाणूस संस्कृत शिकू शकते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली ती कायमची. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्यावरून लोकांचा रोष ओढवला, धर्मसभेपुढे शास्त्राधार देऊन आपली बाजू मांडावी लागली.

रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने रानातलं घर सोडलं. बाळाला वेताच्या टोपलीत ठेवलं, ती टोपली माणसाच्या डोक्यावर दिली आणि तीर्थयात्रा सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं हे कुटुंब देवळांतून, घाटांवर पुराण सांगत हिंडत राहिलं. मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढायचे. आईने पहाटे उठून रमेला शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत तिला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लहान मुलाची श्रद्धा ही त्याच्या आईबापाची श्रद्धा असते. ती खोटी नसते, पण त्याने स्वतः कमावलेलीही नसते. रमेची श्रद्धा तशीच होती. व्रतं, उपास, सोवळं, तीर्थस्नान, ब्राह्मणांना दान हे सगळं तिने मनापासून केलं.

मग दुष्काळ आला.

१८७४ च्या सुमाराला मद्रास इलाख्यात अन्नाचे हाल सुरू झाले. कुटुंबाने होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवकार्यात घातलं होतं. अंगमेहनतीचं काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागायला लाज वाटायची. आधी वडील गेले. थोड्याच काळात आई गेली, मग मोठी बहीण कृष्णाबाई. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. याच दशकात १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि मुंबई इलाख्यात सोलापूर जिल्ह्याला त्याची फार मोठी झळ बसली. भुकेचा हा अनुभव रमेच्या पिढीतल्या लाखो लोकांचा होता. पण पुढे तिने त्याचं जे केलं, ते फार थोड्यांनी केलं.

दुधाचे दात पडतात तेव्हा

बहीणभाऊ हजारो मैल पायी चालले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. रातोरात ती प्रसिद्ध झाली.

आतून मात्र तिचं सगळं ढासळत होतं. सगळी व्रतं करूनही घरचे उपाशी मेले, हा सल होताच. त्यात तिला पडद्यातल्या स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्यायची होती. त्यासाठी तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. ग्रंथांमध्ये शेकडो मतभेद होते, पण एका बाबतीत सगळे एकमताने बोलत होते, असं तिला आढळलं: बाई आणि शूद्र यांचा दर्जा खालचा. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला सांगितले. त्यानेही समाधान झालं नाही.

कलकत्त्यातच तिने पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. लोक खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकत होते. हे बहुधा खुर्चीचीच पूजा करतात, असं या बहीणभावांना वाटलं! म्हणजे त्या वेळी तिला ख्रिस्ती धर्माची काडीचीही माहिती नव्हती.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. सिल्चरला संसार सुरू झाला. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, मनोरमा. तिथेच नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये तिला बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि ती ते उत्सुकतेने वाचू लागली. नवरा मिशनरी शाळेत शिकला होता, तरी बायकोने या धर्माकडे वळावं हे त्याला पसंत नव्हतं. पण हा प्रश्न फार दिवस राहिला नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने त्याचा मृत्यू झाला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

कडेवर छोटी मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. इथे त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक लिहिलं आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज मांडली.

मानसशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ही अवस्था जवळपास प्रत्येकाला कुठे ना कुठे गाठते. जेम्स फाउलर या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ मध्ये ‘स्टेजेस ऑफ फेथ’ हे पुस्तक लिहिलं. माणसाची श्रद्धा सहा टप्प्यांतून वाढते, अशी त्याची मांडणी आहे. लहानपणी गोष्टी अक्षरशः खऱ्या वाटतात. मग आपल्या माणसांची श्रद्धा तीच आपली श्रद्धा होते. त्यानंतर एक टप्पा असा येतो की माणूस त्या श्रद्धेपासून थोडा दूर उभा राहतो आणि विचारतो, हे माझं आहे की नुसतं मला मिळालेलं आहे? काहीजण हा प्रश्न टाळतात. रमाबाईंना तो टाळताच आला नाही, कारण आधीचं घरच उरलं नव्हतं.

जन्म: वाँटेज, १८८३

१८८३ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या पैशातून प्रवासखर्च उभा केला. मनात वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. धर्म बदलण्याचा आपला विचार नाही, असं त्यांनी निघताना सांगितलं होतं.

तिथल्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलम इथे एका आश्रमात नेलं. ज्या बायकांना समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलं होतं, त्यांची तिथे मायेने सेवा चाललेली होती. हे असं कुठे होऊ शकतं, याची रमाबाईंनी कल्पनाही केली नव्हती. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. येशू त्या बाईला हिणवत नाही, तिच्याशी बोलतो. ही गोष्ट त्यांच्या मनात खोल गेली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. स्त्री शिक्षणाचा एवढा मोठा आवाज परधर्मात गेला, याचं अनेकांना मनापासून दुःख झालं. तो राग समजण्यासारखा होता. इंग्रजांचं राज्य होतं आणि इंग्रजांचाच धर्म स्वीकारला गेला होता. जोतीराव फुल्यांसारख्यांनी मात्र रमाबाईंच्या बाजूने उभं राहून त्यांनी हे पाऊल का उचललं हे समजून घ्यायला सांगितलं.

बाळ हट्ट करू लागतं

मठातल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्मातल्या आई झाल्या. रमाबाई त्यांना मायेने आजीबाई म्हणत. दोघींचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना एखादी आई आणि वयात आलेली मुलगी यांचं भांडण ऐकतो आहोत असं वाटतं.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. देव एकच आहे तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कसे? चर्चने ठरवलेली मतं आणि बायबल यांच्यात फरक दिसला तर कशाचं ऐकायचं? ख्रिस्ती लोकांमध्ये इतके पंथ का? जेराल्डीनबाईंना हा अहंकार वाटला. नव्याने आलेल्या लेकराने आधी मुकाट्याने शिकावं, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंचं म्हणणं असं की एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून आपण मोठ्या कष्टाने सुटलो, ते दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हाती जाण्यासाठी नाही.

भांडणं लहान लहान गोष्टींवरूनही झाली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. ती आपल्याला कळत नाहीत, संस्कृत का नको, असं रमाबाईंनी विचारलं. त्यांनी शाकाहार सोडला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. हे योग्य दिसणार नाही, असं त्यांचं मत. ज्या बाईने कलकत्त्यात भर सभेत पंडितांपुढे भाषणं केली, तिला हे पटणं शक्यच नव्हतं. मनोरमाला काय शिकवायचं हे कोण ठरवणार, यावरूनही तणाव झाला. रमाबाईंचं उत्तर स्पष्ट होतं: आई.

पौलाच्या दुधाच्या उपमेकडे इथे पुन्हा पाहावं लागतं. बाळाला दूध पाजावं लागतं, हे खरं. पण दात आल्यावरही दूधच पाजत राहिलं तर ते मूल वाढत नाही. बाळाने चावायला सुरुवात केली की आईला त्रास होतो. त्याच वेळी बाळ वाढत असल्याचीही ती खूण असते. जेराल्डीनबाईंची माया खोटी नव्हती. त्यांना फक्त ही खूण ओळखता आली नाही.

नवं घर, आणि तरीही रिकामं मन

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ. मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. पुढची दोन-अडीच वर्षं त्यांनी अमेरिकेत गावोगाव भाषणं दिली, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिलं आणि बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या संस्थेने दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. अट एकच: शाळेत धर्म शिकवायचा नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, प्रामुख्याने उच्चवर्णीय बालविधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि महाराष्ट्रात विधवाविवाहाच्या चळवळीला बळ आलं.

बाहेरून पाहिलं तर सगळं उत्तम चाललं होतं. पण रमाबाईंना स्वतःच्या आत काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. बुद्धीने धर्म पटला होता, कामाला दिशा मिळाली होती, तरी मनाला शांती नव्हती. १८९१ च्या सुमाराला विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हा माणूस स्वतः चर्चमध्ये उपदेश करत होता आणि तसा उपदेश करता करता त्याला जाणवलं की आपलं स्वतःचं मन तर बदललेलंच नाही. रमाबाईंना त्यात आपलाच चेहरा दिसला. आपण एक मत स्वीकारलं, एका व्यक्तीवर विसंबायला शिकलो नाही, असं त्यांना उमगलं. बायबल त्यांनी पुन्हा नव्याने वाचलं, आणि आपल्या खऱ्या श्रद्धेची सुरुवात त्या इथून मोजू लागल्या.

वाढीच्या भाषेत याचा अर्थ काय? मूल जन्मतं तेव्हा त्याला जन्मल्याचं कळत नसतं. मी कोण आहे, हे कळायला वर्षं जातात. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. त्यात वयात येण्याच्या काळाचं मुख्य काम आहे स्वतःची ओळख सापडणं. ती दुसऱ्याकडून घेता येत नाही. रमाबाईंना मिळालेला ख्रिस्ती धर्म हा आधी वाँटेजचा होता, मग बोस्टनच्या देणगीदारांचा. १८९१ नंतर तो त्यांचा झाला. त्यानंतर कोणत्याही एका पंथाची पाटी त्यांनी आपल्यावर लावून घेतली नाही.

१८९३: एका उघड्या दाराचं भांडण

इथे गोष्ट अवघड होते.

रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत. दार उघडं असे. शारदा सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात बातमी पसरली. धर्म शिकवणार नाही असं वचन दिलं होतं त्याचं काय, असा प्रश्न विचारला गेला. ‘केसरी’ने कडक टीका केली. सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. दोघेही रमाबाईंचे हितचिंतक आणि स्त्री शिक्षणाचे खंदे समर्थक. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून घेतल्या.

दोन्ही बाजूंना काहीतरी पणाला लागलं होतं. रानडे-भांडारकरांच्या दृष्टीने प्रश्न विश्वासाचा होता. घरच्यांनी मोठ्या मुश्किलीने विधवा मुलींना शाळेत पाठवलं होतं. त्या तिथे ख्रिस्ती झाल्या तर पुढे कुणीच मुलगी पाठवणार नाही. लहान, दुखावलेल्या, आसऱ्याला आलेल्या मुलींवर आपल्या बाईंचा प्रभाव पडणारच, मग त्याला मोकळी निवड म्हणायचं का? रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून लपवणार नाही. आणि हिंदू मुलींना आपली पूजाअर्चा करण्याची सदनात पूर्ण मोकळीक आहेच.

हा प्रश्न आजही सुटलेला नाही. जी मुलगी पोटासाठी तुमच्यावर अवलंबून आहे तिची श्रद्धा तिची स्वतःची आहे, हे कसं ओळखायचं? ज्या रमाबाईंनी जेराल्डीनबाईंशी याच मुद्द्यावर भांडण केलं होतं, त्या आता आईच्या जागी होत्या. मुलगी म्हणून स्वातंत्र्य मागणं सोपं असतं. आई म्हणून ते देणं किती कठीण, हे त्यांना पुढची तीस वर्षं अनुभवायचं होतं.

हजारोंची आई

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव हे स्टेशन आहे. तिथे रमाबाईंनी शेतजमीन घेतली आणि फळझाडं लावली. शाळेला थोडं उत्पन्न व्हावं एवढाच उद्देश होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या तिकडे गेल्या आणि मिळतील तितक्या अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. तीनशेच्या घरात. आधी झोपड्या आणि तंबू, मग पक्क्या इमारती. तेच मुक्ती सदन. १८९८ मध्ये बोस्टनच्या मंडळींची दहा वर्षांची मुदत संपली, आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. कुणाला फसवल्याचा प्रश्न आता उरला नाही.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा माणसं पाठवली गेली. मुक्तीतल्या स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवा होत्या. मुक्तीत सगळ्या जातींच्या, सगळ्या प्रकारे टाकलेल्या बायका आल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं, म्हणजे फुलमला पाहिलेला आश्रम केडगावात उभा राहिला. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल शिकवणं सुरू झालं. ते काम मनोरमाने पुढे नेलं. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धशाळा, छापखाना, सगळं बायका चालवत.

एरिक्सनच्या मांडणीत प्रौढ वयाचं काम आहे पुढच्या पिढीला वाढवणं. ते नाही केलं तर माणूस साचतो. योहानाच्या पत्रात बाप हा शब्द वडिलकीच्या अर्थाने येतो. या अर्थाने पाहिलं तर रमाबाईंची वाढ कुठे पोहोचली ते त्यांच्या मतांवरून कळत नाही. रात्री अनोळखी मुलींच्या अंगावरच्या उवा, खरूज आणि ताप यांची काळजी घेणाऱ्या हातांवरून ते कळतं.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत धर्मजागृतीची लाट आली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, आपल्या चुका कबूल करत. काही पाहुण्यांना तो गोंधळ वाटला. या मुलींनी इंग्रज लोकांसारखी शांत प्रार्थना का करावी, त्यांना त्यांच्या रीतीने करू द्या, अशी रमाबाईंची भूमिका राहिली. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांना हरकत घेणारी तरुण बाई इथे पुन्हा दिसते, फक्त आता ती दुसऱ्यांसाठी जागा मागत होती.

वाळलेला दाणा

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. बायबलचं साध्या मराठीत भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्यामुळे खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पन्नाशीच्या आसपास त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भागवत पाठ असलेल्या बाईने ठरवून संस्कृत शब्द बाजूला ठेवले. अक्षरजुळणीपासून छपाईपर्यंत सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. भाषांतर फार शब्दशः झालं, अशी टीकाही झाली. त्यात तथ्य होतं. पण ज्यांच्यासाठी ते होतं त्या वाचकांना इतर कुणी विचारातच घेतलं नव्हतं.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. तब्येत खालावली होती, ऐकू जवळजवळ येत नव्हतं. संस्था आपल्यामागे मनोरमा सांभाळेल, हा भरवसा होता. मनोरमाने मुक्तीचं काम गुलबर्ग्यापर्यंत नेलं होतं. केडगावहून गुलबर्ग्याला जाणारी गाडी सोलापूरवरूनच जाते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. वय चाळीस. टोपलीतून हिंडलेल्या बाळाने आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी लेकही गमावली.

त्यानंतर रमाबाई नऊ महिन्यांहूनही कमी जगल्या. भाषांतराचं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

ही तुलना कुठपर्यंत लागू पडते?

शरीराची वाढ आणि आत्म्याची वाढ यांत एक मोठा फरक आहे. शरीर आपोआप वाढतं. मूल दोन वर्षांचं झालं की ते तिसऱ्या वर्षात जाणारच, त्याने ठरवो वा न ठरवो. श्रद्धेचं तसं नाही. माणूस साठ वर्षांचा होऊनही दुधावरच राहू शकतो. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच तक्रार आहे: एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, आणि तुम्हाला अजून बाळबोध शिकवावा लागतो.

दुसरा फरक असा की शरीर एकाच दिशेने जातं. म्हातारा पुन्हा मूल होत नाही. येशूची शिकवण मात्र सांगते की लेकरांसारखं व्हावं लागतं. इथे बालिशपण वेगळं आणि लेकराचा विश्वास वेगळा. १८९१ मध्ये रमाबाईंना हाच फरक समजला. प्रश्न विचारणारी बुद्धी त्यांनी सोडली नाही. त्या बुद्धीला टेकायला मात्र त्यांना जागा मिळाली.

आणि तिसरी गोष्ट. दुष्काळ, मृत्यू, भांडण, अपमान या गोष्टी रमाबाईंच्या वाढीत अडथळा म्हणून आल्या, पण वाढ त्यांच्यातूनच झाली. दुष्काळ चांगला असतो, असा याचा अर्थ नाही. त्यांनी दुष्काळाचं कौतुक कधी केलं नाही, त्या दुष्काळातल्या मुली उचलून आणायला गेल्या.

मंद्रूपच्या शिवारात शाळू पेरणीनंतर फारसा पाऊस पाहत नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो वाढतो, आणि माघ-फाल्गुनात दाणा हाती येतो. त्या दाण्याची भाकरी होते आणि त्यातलाच थोडा पुढच्या वर्षाच्या पेरणीसाठी बाजूला ठेवला जातो. केडगावची संस्था आजही चालू आहे.